मुंबईत कोणता राजा?

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या सभागृहात मी पायी पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या माणसांवर बोललो होतो. श्रोते चाळीसेक असतील. रोमानियाच्या चार तरुणांची गोष्ट मी शेवटासाठी राखून ठेवली होती, कारण ती हमखास रंगते. त्यांतला एक मुंबईत एका राजाच्या मेजवानीत अफू देऊन मारला गेला, हा भाग मी तब्येतीत सांगितला. हंड्या-झुंबरे आणि चांदीचे तबक माझ्या पदरचे होते. सभागृहातून ‘च्च’ असा आवाज आला आणि मला बरे वाटले. भाषण संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, “छान बोललात. पण मुंबईत कोणता राजा हो?”

मी हसून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न पुढे कित्येक महिने माझ्या मागे होता. इतरांच्या पुस्तकांतल्या चुका काढणारा मी, इथे एका ऐकीव गोष्टीवर झुंबरे टांगून मोकळा झालो होतो. हा लेख म्हणजे त्या आजींना द्यायचे राहिलेले उत्तर.

गोष्ट अशी सांगतात. ‘टूरिंग क्लब द फ्रान्स’ या फ्रेंच संस्थेने एक स्पर्धा जाहीर केली. एक लाख किलोमीटर पायी चालून जो पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करील त्याला एक लाख फ्रँक बक्षीस. पॅरिसमध्ये शिकणारे चार रोमानियन विद्यार्थी पुढे आले : दुमित्रू दान, पाउल पर्वू, गेओर्गे नेग्रेआनू आणि अलेक्सांद्रू पास्कू. १ एप्रिल १९१० रोजी ते बुखारेस्टहून निघाले. अंगात गावाकडचा भरतकामाचा पोशाख, पायांत ‘ओपिंची’ नावाच्या कातडी वहाणा, सोबत हाराप नावाचा कुत्रा. वाटेत आपल्याकडची गाणी म्हणायची, नाच करून दाखवायचे आणि मिळेल त्यावर गुजराण करायची. जुलै १९११मध्ये पास्कू मुंबईत गेला. नेग्रेआनू चीनमधल्या नानलिंग डोंगरात दरीत कोसळला. पर्वूचे पाय इतके बिघडले की अमेरिकेत फ्लोरिडा येथे ते कापावे लागले, आणि १९१५ साली तोही तिथेच वारला. दान एकटे उरले. १९१६पर्यंत त्यांनी शहाण्णव हजार किलोमीटर पुरे केले होते. महायुद्धामुळे राहिलेले अंतर नंतर चालून १९२३मध्ये त्यांनी पॅरिसला बक्षीस घेतले. तोवर फ्रँकची किंमत पार घसरली होती. ७६ देश, ४९७ जोड वहाणा. दान १९७९पर्यंत जगले. रोमानियात आजही त्यांचे नाव अभिमानाने घेतात.

ही गोष्ट आता जगभर अशीच्या अशी फिरते. आकडे तेच, मृत्यूही तेच, आणि मुंबईचा राजाही तोच.

आधी राजाचेच पाहू. १९११ची मुंबई ही थेट इंग्रजी अमलाखालची होती. त्या शहरावर कोणत्याही संस्थानिकाचे राज्य नव्हते. संस्थानिकांचे बंगले मलबार हिलवर होते, ते उन्हाळ्यात, शर्यतींच्या मोसमात मुंबईला येत, हे खरे. पण बंगल्यात राहणारा राजा मुंबईत पाहुणाच असे, आणि त्याच्या बंगल्यालाही शहराचा कायदा लागू होता. तो कायदा इथे महत्त्वाचा आहे. मुंबई आणि कलकत्ता या शहरांसाठी १८७१ साली कोरोनरचा कायदा झाला होता. अपघाताने, घातपाताने किंवा विषाने मृत्यू झाल्याचा संशय आला की कोरोनरने पंच बसवून, प्रेत पाहून, साक्षी घेऊन निर्णय द्यायचा. एक तरुण युरोपियन, चित्रविचित्र पोशाखातला जगप्रवासी, एका संस्थानिकाच्या घरी अफूने मेला, तर ही चौकशी टळणे शक्य नव्हते. आणि चौकशी झाली असती तर शहरातली इंग्रजी दैनिके ती आठवडाभर छापत राहिली असती. संस्थानिक आणि विष हे शब्द एका वाक्यात मिळाले की त्या काळचे बातमीदार झोपत नसत. १८७५मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घालण्याचा आळ आला, तेव्हा काय गदारोळ झाला होता ते इतिहासाच्या वाचकांना सांगायला नको.

दुसरी शक्यता अशी की प्रसंग मुंबईबाहेर घडला. काठेवाड, कच्छ, राजपुताना या भागांत पाहुण्याला ‘कसुंबा’ देण्याची रीत होती. अफू पाण्यात घोटायची, गाळायची आणि ते पाणी यजमानाने आपल्या ओंजळीतून पाहुण्याला पाजायचे. नाकारणे म्हणजे अपमान. सवय नसलेल्या, उपाशीपोटी चालत आलेल्या परदेशी मुलाला तो मान झेपला नसेल, हे पटण्यासारखे आहे. गोष्टीत सत्याचा अंश असलाच तर तो मला इथे दिसतो. पण मग हे घडले एखाद्या संस्थानात, जिथे कोरोनर नव्हता, इंग्रजी दैनिकाचा बातमीदारही नव्हता. म्हणजे मुंबई हवी असेल तर राजा सोडावा लागतो आणि राजा हवा असेल तर मुंबई. दोन्ही एकत्र फक्त युरोपातल्या श्रोत्यांना सांगण्याच्या गोष्टीत नांदू शकतात.

आणि राजाला बाजूला ठेवले, तर त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईत मरायला अफूची गरजच नव्हती. १८९६मध्ये आलेली प्लेगची साथ अजून पुरती हटली नव्हती. हिवताप इतका माजला होता की सरकारने डॉ. बेंटली यांना त्याच्या शोधासाठी नेमले होते. त्यांचा अहवाल १९११चाच आहे. शहरातल्या विहिरींमध्ये डास वाढतात हे त्यांनी दाखवले, त्या बुजवायचे ठरले आणि पारशी व हिंदू रहिवाशांनी धर्मासाठी त्याला विरोध केला. पटकी आणि हगवण पावसाबरोबर ठरलेली. सव्वा वर्ष मिळेल ते खात, मिळेल तिथे निजत आलेला मुलगा या शहरात भर पावसात पोहोचतो. त्याला काय झाले असेल याचे साधे उत्तर कुठल्याही चाळीतल्या माणसाने दिले असते. पण तापाने मेलेल्या माणसाची गोष्ट बुखारेस्टला कोण ऐकणार?

आता अंतराचे बघू. शहाण्णव हजार किलोमीटर सहा वर्षांत, म्हणजे वर्षाला सोळा हजार, दिवसाला चव्वेचाळीस. एकही खाडा नाही. यात बोटींवरचे आठवडे, आजारपणे, नाचगाणी, व्हिसा-परवान्यांसाठीची खेटी, मित्राला पुरण्याचा दिवस, काही धरलेले नाही. आपल्या हिशेबात सांगायचे तर आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्ञानोबांची पालखी ते अडीच आठवड्यांच्या आसपास चालते. दान यांचा आकडा खरा मानला तर त्यांनी एकेक वारी सहा दिवसांच्या आत संपवली, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आळंदीहून निघाले, आणि असे सहा वर्षांत तीनशे चौऱ्याऐंशी वेळा केले.

असे कुणी चालूच शकत नाही का? थोडे दिवस चालू शकते. अमेरिकेचे एडवर्ड पेसन वेस्टन यांनी १९०९मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे शंभर दिवसांत कापले. दिवसाला साठ किलोमीटरच्या घरात. पण ते जन्मभर पैसे घेऊन चालणारे धंदेवाईक होते, ठिकठिकाणी त्यांची व्यवस्था होती, आणि त्यांना ते शंभर दिवस करायचे होते, दोन हजार नव्हे. ज्यांची वाटचाल दिवसवार तपासता येते अशा अलीकडच्या माणसांचे आकडे किती नम्र आहेत ते पाहा. कॅनडाचे झाँ बेलिव्हो २०००च्या ऑगस्टमध्ये माँट्रियलहून निघाले आणि २०११च्या ऑक्टोबरमध्ये परतले. पंच्याहत्तर हजार किलोमीटर, अकरा वर्षे, दिवसाला साडेअठरा. आणि त्यांच्याकडे चांगले बूट होते.

बुटांवरून आठवले. ४९७ जोड हा आकडा दान यांच्या विरोधात हसत हसत वापरला जातो. मीही भाषणात वापरला होता. एक लाखाला ४९७ने भागले की जोडामागे दोनशे किलोमीटर येतात, तर बेलिव्हो यांचे चोपन्न जोड जवळपास चौदाशे किलोमीटर टिकले. पण हा आक्षेप मी आता मागे घेतो. ओपिंची म्हणजे बूट नव्हेत. कातड्याचा एक तुकडा, भोवती दोरी ओढून आवळलेला. त्याला वेगळा तळच नाही. खडीच्या रस्त्यावर तो दोनशे किलोमीटर टिकला तरी पुष्कळ. गंमत अशी की सगळ्या गोष्टीत जो आकडा सर्वात अचाट वाटतो तोच सर्वात विश्वासार्ह आहे. एवढ्या वहाणा झिजवायच्या तर चालावेच लागते. मात्र दोनशेचा हिशेब चालण्याच्या अंतरावरून मागे काढलेला नसावा, एवढी अट आहे.

आता बक्षीस. माझ्या मते इथेच या सगळ्या प्रकाराची किल्ली आहे. टूरिंग क्लब ही खरी संस्था. १८९०मध्ये सायकलवाल्यांनी काढलेली, पुढे हजारो सभासदांची, स्वतःचे मासिक चालवणारी. इतक्या मोठ्या रकमेची स्पर्धा अशी संस्था जाहीर करते तेव्हा ती सूचना छापते, नियम छापते, निकाल छापते. दान यांची गोष्ट खरी म्हणणाऱ्याने त्या मासिकातले ते पान दाखवावे. हे काम त्याचे आहे, शंका घेणाऱ्याचे नव्हे.

पण पान मिळाले नाही तरी क्लबचे नाव गोष्टीत का हवे होते, हे समजते. नर्मदेच्या परिक्रमेत नदी ओलांडायची नाही. नियम एकच आहे, शेकडो वर्षांचा आहे आणि तो मोडला की नाही हे परिक्रमावासीला स्वतःला कळते. पृथ्वीच्या प्रदक्षिणेत समुद्र ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. मग किती चालले म्हणजे प्रदक्षिणा झाली? कुठून कुठे? बोट चालते तर आगगाडी का नाही? (गणपतीने हा वाद फार पूर्वी आईवडिलांभोवती एक फेरी मारून मिटवला होता, पण युरोपला ते ठाऊक नव्हते.) कुणीतरी बाहेरच्याने नियम केला आहे, रक्कम ठेवली आहे, हे सांगितल्याशिवाय ते चालणे निव्वळ भटकणे ठरते. आणि भटक्याला त्या काळी युरोपभर पोलीस हटकत असत.

म्हणून १८९० ते १९१४ या काळातल्या बहुतेक पदयात्रींच्या खिशात एक पैज असते. रक्कम नेहमी गोल. देणारा नेहमी लांबचा. लंडनच्या हॅरी बेन्स्लीने १ जानेवारी १९०८ रोजी ट्रफाल्गार चौकातून तोंडावर लोखंडी मुखवटा चढवून, बाबागाडी ढकलत प्रस्थान केले. दोन धनाढ्यांमध्ये एक लाख डॉलरची पैज लागली आहे, अशी बतावणी होती. त्याच्या छायाचित्राची पोस्टकार्डे भरपूर उरली आहेत. ब्रिटनबाहेर पाऊल टाकल्याचा पुरावा मात्र अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. रंगीत आणि फोटोची पोस्टकार्डे त्या दशकात कमालीची स्वस्त झाली होती. पदयात्री स्वतःचे चित्र छापून घेई, खाली ‘पायी जगप्रवास’ आणि पैजेची रक्कम, आणि गावात शिरला की विकायला उभा राही. दान आणि मंडळींची गाणी हे त्याचेच दुसरे रूप. पैज ही त्यांची हाळी होती. वासुदेव जसा विशिष्ट टोपीशिवाय वासुदेव होत नाही, तसा पैजेशिवाय जगप्रवासी होत नव्हता. हे ओळखले की त्यांना खोटारडे म्हणावेसे वाटत नाही. खेळातला विक्रम म्हणून वाचले की ही माणसे भामटी दिसतात, पण फिरत्या लोककलावंतांत बसवून वाचली की ती कष्टकरी दिसतात.

अर्थात पैज खोटी म्हणून चालणेही खोटे, असा उलटा निष्कर्ष काढायची घाई नको. हेल्गा एस्बी या नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी बाई. शेत गहाण पडलेले. दहा हजार डॉलरच्या पैजेवर विसंबून ५ मे १८९६ रोजी त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला, क्लाराला, घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनहून निघाल्या आणि २३ डिसेंबरला न्यूयॉर्कला पोहोचल्या. पैज लावणाऱ्यांनी पैसे दिले नाहीत. इकडे घरी घटसर्पाने दोन मुले गेली होती. घरच्यांनी त्यांना कधी पुरती क्षमा केली नाही. १९४२मध्ये त्या वारल्यावर मुलींनी त्यांचे हस्तलिखित जाळून टाकले. तरी आज आपण त्यांचे चालणे निःशंक मानतो, कारण वाटेतल्या गावोगावच्या वर्तमानपत्रांनी त्या आल्याच्या बातम्या छापल्या आणि एका सुनेने ती कात्रणे वाचवली. पैज बुडाली, आत्मचरित्र जळले, पण छप्पन्नशे किलोमीटर उरले. दिवसाला चोवीस. माणसाच्या मापातला आकडा.

याच्या उलट टोकाला क्रोएशियाचे योसिप मिकुलेत्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेले हे गृहस्थ ज्याला त्याला सही मागत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपासून गावच्या पोलिसापर्यंत. सह्यांची वही वाढत वाढत पंचवीस किलोंच्या वर गेली. चालल्याचा दाखला म्हणून सुरू केलेला कागद इतका जड झाला की तो दाखला सांभाळण्यासाठीच चालत राहावे लागले, असे त्यांच्याकडे पाहून वाटते. पण या वहीमुळेच त्यांचा माग काढता येतो. तारीख, गाव, शिक्का. दान यांच्या गोष्टीत मला नेमके हेच हवे आहे.

गिनेस बुकाने या सगळ्यावर एक चतुर तोडगा काढला. १८९७ ते १९०४ या काळात प्रदक्षिणा केलेल्या जॉर्ज शिलिंग यांच्यापुढे त्यांनी ‘म्हणे’ या अर्थाचा शब्द ठेवला, आणि सिद्ध झालेला पहिला मान डेव्हिड कुन्स्ट यांना दिला. कुन्स्ट आपला भाऊ जॉन याच्यासह जून १९७०मध्ये मिनेसोटातून निघाले. १९७२मध्ये अफगाणिस्तानात दरोडेखोरांनी जॉनला गोळ्या घालून मारले. डेव्हिड छातीत गोळी लागून मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले म्हणून वाचले. बरे झाल्यावर दुसऱ्या भावाला घेऊन ते त्याच जागी परत आले, जिथे जॉन पडला होता, आणि तिथून पुढे चालू लागले. ऑक्टोबर १९७४मध्ये घरी पोहोचले. जॉन कुन्स्टच्या मृत्यूला तारीख आहे, रस्ता आहे, तो कसा मेला हे सांगणारा जखमी साक्षीदार आहे. त्याच्या मृत्यूने गोष्ट रंगवली नाही, ती थांबवली.

पास्कूचे तसे नाही. त्या तीन मृत्यूंकडे एकत्र पाहिले की मला अस्वस्थ वाटते. हिंदुस्थानात राजा आणि अफू. चीनमध्ये खोल दरी. अमेरिकेत शस्त्रक्रिया. प्रत्येक देशाने आपापल्या ख्यातीप्रमाणे एकेक मुलगा घेतला. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात देशांची जशी एकेका चित्राने ओळख करून देतात, तसे. आणि प्रत्येक मृत्यूनंतर साक्षीदार एकाने कमी होत जातो, शेवटी एकच उरतो. त्या एकाला मी खोटे म्हणत नाही. तीन मित्र गमावलेल्या माणसाने पन्नास-साठ वर्षे एक गोष्ट सांगितली की ती सांगता सांगता गुळगुळीत होणारच. ताप, घाण, हॉस्पिटलचा खाट नसलेला वऱ्हांडा, असे काही असलेच तर ते घासून गेले असेल आणि राजा उरला असेल. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. इथल्या माणसांनी, ज्यांना मुंबईत राजा नसतो हे लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांनीही ही गोष्ट परदेशी लेखांतून जशीच्या तशी उचलली. आपल्या शहराची ही थापेबाज आवृत्ती आपणच मराठीत आणली. मी आणली.

तेव्हा त्या आजींना माझे उत्तर असे आहे. ती मुले चालली, पुष्कळ चालली, पण सांगतात तेवढी नाही. बक्षिसाची गोष्ट ते पान दिसेपर्यंत मी हाळी म्हणूनच धरतो. पास्कू इथे मेला हे मी मानतो, कारण ते नाकारून काही मिळत नाही आणि मानले तर शोधण्यासारखे काही हाती लागते. राजा मी काढून टाकला आहे.

गेल्या पावसाळ्यात मी शहरातल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीच्या कचेरीत गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस. टेबलामागच्या गृहस्थांनी नाव लिहून घेतले, स्पेलिंग तीन प्रकारांनी लिहून बघितले आणि विचारले, “पंथ कोणता? त्याप्रमाणे वह्या वेगळ्या आहेत.” मी म्हणालो, रोमानियाचा, म्हणजे बहुधा ऑर्थोडॉक्स, पण पुरताना कुणी विचारले असेल का, कोण जाणे. त्यांनी साल लिहिले, पुढे महिना लिहिला. मग शेवटच्या रकान्यावर पेन ठेवून त्यांनी मान वर केली.

“तुमचे कोण लागत होते?”